चेहरे झाकून सिनेमा ओळखायला लावणारे मुळे सर

पहिल्या भेटीत मी मुळे सरांना विक्षिप्त समजले होते. अमृतमहोत्सवी ग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, एवढं मलाही कळतं. पण संपादक मंडळाने "पहिल्या परिचयापासून लिहा" असं बजावून सांगितलं आहे आणि पहिला परिचय झाला तो असाच. त्याला माझा इलाज नाही.

राहात्याच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. एका दुपारी स्वच्छ पांढरा शर्ट घातलेले, काखेत रेक्झिनची बॅग धरलेले एक उंच गृहस्थ आले आणि त्यांनी काउंटरवर एका जुन्या सिनेमातला फोटो ठेवला. पूर्वी थिएटरबाहेर काचेच्या पेटीत असे फोटो टाचून ठेवत, त्यातला तो होता. झोपाळ्यावर नायिका, मागे खिडकी, दारात ट्रे घेऊन उभा असलेला म्हातारा नोकर. मी लहानपणापासूनची सिनेमावेडी. न विचारताच सिनेमाचं नाव सांगून टाकलं. वाटलं, गृहस्थ खूश होतील.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कशावरून?"

"कशावरून म्हणजे? ही बाई कोण ओळखणार नाही?"

"म्हणूनच तर तिला झाकायचंय. चेहऱ्यावर पांढरी पट्टी लावा आणि मग झेरॉक्स काढा. वीस प्रती."

इतका देखणा चेहरा झाकायला सांगणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. मी निमूट पट्टी लावली आणि मशीन सुरू केलं. पहिली प्रत बाहेर आली तशी त्यांनी ती माझ्यासमोर फिरवली. "आता सांगा. कोणता सिनेमा, आणि कशावरून?" नाव मला ठाऊक होतं, पण कशावरून ते काही केल्या सांगता येईना. त्या खिडकीला, त्या झोपाळ्याच्या कड्यांना, त्या बिचाऱ्या नोकराला मी इतक्या वेळा सिनेमा पाहूनही कधी पाहिलंच नव्हतं. "महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी वाचनालयात या," एवढं बोलून ते प्रती घेऊन गेले. मी गेले, आणि तेव्हापासून जातेच आहे.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. श्रीनिवास मुळे सर हे इथल्या हायस्कुलात आयुष्यभर चित्रकलेचे शिक्षक होते. चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलं बसवली. आज गावातले निम्मे दुकानदार त्यांना पाहून खुर्चीतून उठतात ते त्यामुळे. उरलेले निम्मे उठतात ते कधीतरी कान पिरगाळून घेतला होता म्हणून. जवळचं एक जुनं थिएटर बंद पडलं आणि तिथले फोटो रद्दीत निघाले, तेव्हा सरांनी ते ट्रंकभर घरी आणले. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, विचारलं, "ह्या इतक्या बायका घरात कशाला?" त्या ट्रंकेतून आमचं रविवारचं मंडळ निघालं.

मंडळाचे नियम सरांचे, आणि ते शाळेपेक्षा कडक. मोबाईल टेबलावर उपडे. नायक-नायिकेचे चेहरे झाकलेले. नाव आधी सांगणाऱ्याला गुण नाहीत. आधी कारण सांगायचं, मग नाव. दिव्याच्या खांबावरून, खुर्चीच्या पाठीवरून, गर्दीतल्या एखाद्या नेहमीच्या एक्स्ट्रा नटाच्या उभं राहण्यावरून सिनेमा ओळखायचा. या लेखात एकाही सिनेमाचं नाव आलेलं नाही, ते या नियमामुळे. सरांच्या ग्रंथात सरांचाच नियम मोडायचा म्हणजे फारच झालं.

लोक विचारतात, ह्या रिकामटेकड्या उद्योगाने काय साधलं? माझ्यापुरतं सांगते. मला माणसं बघायची सवय लागली. पूर्वी दुकानात गिऱ्हाईक आलं की मला फक्त त्याच्या हातातला कागद दिसायचा.

सरांच्या मायेचा एक प्रसंग सांगायलाच हवा. माझ्या यजमानांना ऐन परीक्षांच्या हंगामात नगरच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. दुकान बंद ठेवणं भाग होतं; किल्ली शेजारच्या दुकानात ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी फोन आला, "काळजी करू नका, दुकान उघडलंय." सर स्वतः काउंटरवर बसले होते! मशीन कसं चालतं ते त्यांना कुणी दाखवलं देव जाणे. निम्म्या प्रती कोऱ्या निघाल्या, कुणाच्या तरी सातबाऱ्याची उलटी बाजू झाली, आणि हॉलतिकिटाची प्रत काढायला आलेल्या प्रत्येक मुलाला सरांनी अक्षर सुधारण्याबद्दल ऐकवलं. मी परत आले तेव्हा दुकानात टोनरची काळी बोटं सगळीकडे उमटलेली होती. मी रागावायचं ठरवलं होतं. त्याऐवजी रडले. सर म्हणाले, "आधी यजमानांची तब्येत कशी आहे ते सांगा. रडणं नंतर."

पण सर खऱ्या अर्थाने कळले ते भानुदासच्या कामात. तो प्रसंग मंडळातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, तरी तो नीट लिहिलेला असावा असं मला वाटतं.

भानुदास हे नेवाशाकडच्या एका गावचे बागाईतदार. साठी ओलांडलेले. पेरूचा टेम्पो घेऊन राहात्याच्या बाजाराला येत. कुणीतरी त्यांना मंडळाबद्दल सांगितलं, तसे एका रविवारी ते वाचनालयाच्या दारात येऊन उभे राहिले. चपला बाहेर काढल्या आणि सरळ विषयालाच हात घातला. "सर, तुमी म्हनं पिच्चरमधली गर्दी वळखता. माझा बाप एका पिच्चरमधी हाय. मला कोनता ते शोधून द्या."

हकिगत अशी होती. भानुदास पोटात असताना त्यांच्या गावच्या नदीकाठी सिनेमावाले आले. जत्रेचा देखावा होता. गर्दीसाठी त्यांनी गावातलीच माणसं उभी केली. भानुदासचे वडील आपला बैल घेऊन त्यात उभे राहिले. आई तेव्हा बाळंतपणाला माहेरी. भानुदास रांगायला लागायच्या आत वडील साप चावून गेले. पुढे तो सिनेमा तंबूत आला, सगळ्या गावाने पाहिला, पण नव्याने विधवा झालेल्या बाईला तंबूत कोण नेणार? मग पाहणारे एकेक करून गेले, आणि सिनेमाचं नाव कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. वडिलांचा दुसरा फोटो कुठेही नाही.

"आईची नव्वदी जवळ आली," भानुदास म्हणाले. "तिची नजर हाय तंवर एकदा दाखवायचंय. आन् मलाबी बघायचंय. लोक म्हंत्यात, बापावानी दिसतो. मी कुनाशी ताडून बघू?"

सरांनी आपल्या शेजारची खुर्ची पुढे ओढली आणि भानुदासना बसवलं.

त्यानंतर कितीतरी महिने सरांना दुसरा विषय नव्हता. महाराष्ट्रात जुने फोटो जमवणारे जेवढे म्हणून वेडे आहेत त्या सगळ्यांना त्यांनी फोन केले. जत्रा, नदी, लाकडी पाळणा, बैल, एवढ्या खुणा सांगायच्या. कुठून कुठून पाकिटं यायची आणि आमचे रविवार जत्रा बघण्यात जायचे. मंडळातले गोरखआण्णा, जे एसटीत कंडक्टर होते आणि अजून बेल मारल्यासारखं बोलतात, ते वैतागून म्हणाले, "सर, आता डोळे मिटले तरी पाळना फिरतोय."

शेवटी कोल्हापूरकडून एक फोटो आला. नदी, घाटाच्या पायऱ्या, लाकडी पाळणा, पुढ्यात डोक्यावर घागर घेतलेली नायिका, आणि मागे गर्दीत मुंडासं बांधलेला, बैलाचा कासरा धरलेला माणूस. सरांनी पाकीट फोडलं ते त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने. स्वतःलाही उत्तर आधी कळू नये म्हणून फोटो पुरता बाहेर निघायच्या आत नायिकेवर पट्टी चिकटवली, घागरीसकट. मग आम्ही सगळे त्या मुंडाशावर तुटून पडलो. भिंग फिरलं. नाक भानुदासचंच होतं. उभं राहण्याची ढबही तीच, एक खांदा किंचित खाली. गोरखआण्णांनी नदीच्या वळणाची शपथ घेतली. सर बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "हेच असावेत." सरांच्या तोंडून "असावेत" निघालं की आमच्या लेखी ते झालंच. भानुदासनी तिथूनच गावाकडे फोन लावला. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी गोरखआण्णांनीच फोन घेऊन बातमी सांगितली.

पुढच्या रविवारी फोटो मोठा करून, फ्रेम करून गावी न्यायचं ठरलं. आदल्या दिवशी सर तो माझ्या दुकानात घेऊन आले. मी म्हटलं, घरातल्या भिंतीवर लावायच्या फोटोला पट्टी कशाला? स्पिरिटचा बोळा फिरवला आणि अलगद पट्टी सोलली. नायिका हसत होती. तिच्या कानामागे, घागरीच्या आडोशाला, एक उभा कडा होता आणि त्यावर तटबंदी.

नेवाशाच्या नदीकाठी उभं राहिलं की नजर आडवीच जाते. डोंगर म्हणून नाही. किल्ला तर नाहीच नाही.

सर खुर्चीत बसले. आमच्या सगळ्या हुशारीचा पाया ती पट्टी, आणि नेमकी तिच्याचखाली आमची चूक बसली होती. पट्टी नसती तर शाळेतल्या पोरानेही सांगितलं असतं की हे गाव ते नव्हे.

मी म्हणाले, "सर, हा डोंगर मी कॉम्प्युटरवर काढून टाकते. चुटकीसरशी होईल. नाक जुळतंय, खांदा जुळतोय. त्या आईंना आता कुठे एवढं दिसणार?" गोरखआण्णा शेजारीच उभे होते. तेही म्हणाले, "सर, म्हातारी आनंदात जाईल. कुनाचं काय बिघडतंय?" मी हे लपवत नाही आणि त्याबद्दल मला फारशी लाजही वाटत नाही. नव्वदीच्या बाईच्या दारात जाऊन तिच्या हातातला नवरा काढून घ्यायचा, ही मला माणुसकी वाटत नव्हती.

सरांनी फोटोतल्या त्या मुंडासेवाल्याकडे बोट केलं. "डोंगर तुम्ही काढाल. पण ह्या गृहस्थांचं काय? हेही कुणाचे तरी वडील असतील. त्यांच्या घरीही कुणी शोधत असेल. त्यांना दुसऱ्याच्या घरात नेऊन हार घालायचा?" मग म्हणाले, "आणि त्या आईंनी ओळखलं नाही, तरी आपण सांगतोय म्हणून त्या हो म्हणतील. ते मला बघवणार नाही."

रविवारी तो फोटो डोंगरासकट फ्रेममध्ये घालून आम्ही तिघं जीप करून गेलो. भानुदासच्या अंगणात लिंबाखाली सतरंज्या अंथरल्या होत्या. पाव्हणेरावळे जमले होते. ताटात हार, कुंकू. समोरच्या भिंतीत खिळा ठोकून तयार होता. तो खिळा बघून मला वाटलं, आपण इथून मागे फिरावं.

सरांनी पाण्याचा तांब्याही घेतला नाही. उभ्या उभ्याच हात जोडले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "भानुदासराव, माझ्याकडून चूक झाली. हा फोटो तुमच्या गावचा नाही. हे तुमचे वडील नाहीत."

भानुदासचा आवाज चढला. "नाक आमचं हाय म्हनून तुमीच म्हनला न्हवं?"

"म्हणालो. चुकलो."

"चुकलो म्हनून भागतं व्हय, सर? आई आठवडाभर नीट जेवली न्हाई. दारात कोन आलं की इचारती, आनलं का?" ते पाठ फिरवून गोठ्याकडे चालायला लागले. चुलतभावांपैकी कुणीतरी "शिकलेल्या लोकांचे खेळ" असं काहीतरी बोललं. सर मान खाली घालून ऐकत होते. पंचाहत्तरीला टेकलेल्या या माणसाला, ज्याच्यापुढे आमचं गाव उठून उभं राहतं, असं उभं बघून मला राग आला. तो कुणावर काढायचा तेच समजेना.

तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला. "आनलंय नव्हं? मग बघू तर द्या."

भानुदासच्या आई बाजेवर बसल्या होत्या. सरांनी फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "ह्ये न्हाईत," त्या शांतपणे म्हणाल्या. "पन मानूस चांगला दिसतोय. बैल तर लईच झाक हाय." अंगणात कुणीतरी हसलं आणि श्वास सुटल्यासारखं झालं.

सर त्यांच्या पायाशी पायरीवर बसले. "आई, मग ते कसे दिसायचे?"

आईंनी फोटो मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "मला कुनी इचारलंच न्हाई आजवर."

गोठ्याकडे निघालेले भानुदास जागच्या जागी थांबले. पिच्चर कोणता, हे त्यांनी साऱ्या मुलखाला विचारलं होतं. घरात मात्र आईला त्रास नको म्हणून तो विषय कधी कुणी काढलाच नव्हता. आमच्यापैकीही कुणाला ते सुचलं नाही. जत्रेच्या खुणा विचारल्या, पाळण्याच्या विचारल्या.

सरांनी फ्रेमच्या मागचा पुठ्ठा सोडवला आणि खिशातली पेन्सिल काढली. "सांगा," म्हणाले. "चुकलं की टोका."

दुपार तिथेच गेली. "कान एवढं न्हाई, बारीक हुतं." "भिवया अशा जवळ, एकमेकीला टेकल्यावानी." "व्हट पातळ." "आता रागावल्यावानी दिसत्यात. त्ये हासल्याबिगर बोलायचंच न्हाईत." मुलांच्या हातातलं खोडरबर आयुष्यभर काढून घेणारे सर खोडत होते, काढत होते, पुन्हा खोडत होते. नाक तर त्यांनी इतक्या वेळा पुसलं की पुठ्ठा खरवडून आला. शेवटी जे नाक झालं ते भानुदासच्या नाकासारखं अजिबात नव्हतं. सतरंजीवरची माणसं हळूहळू सरकत ओसरीभोवती आली. हार ताटात तसाच राहिला होता. आई बोलत होत्या तसतसा त्यांचा आवाज उजळत गेला. मध्येच त्या एकदा इतक्या लाजून हसल्या की सुनांनी एकमेकींकडे पाहिलं.

मग सरांनी पुठ्ठा फिरवून त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी पाहिलं. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. दुपारभर त्यांचा पदर खांद्यावर घसरलेला होता, आम्ही सगळे परके समोर असूनही. आता त्यांचा हात मागे गेला, आणि त्यांनी तो पदर डोक्यावरून पुढे कपाळापर्यंत ओढून घेतला.

भानुदास पुढे आले, त्यांनी ते चित्र दोन्ही हातांत धरलं आणि आईशेजारी बाजेवर बसले. कितीतरी वेळ ते मान वर करायला तयार नव्हते.

परत येताना गोरखआण्णा म्हणाले, "सर, झालं की काम." सर म्हणाले, "कसलं झालं? ते माझ्या हातचं चित्र आहे. फोटो अजून मिळायचाय." आणि खरंच, शोध थांबलेला नाही. अजूनही पाकिटं येतात. एक बदल तेवढा झाला आहे: पट्टी लावायच्या आधी सर आता एकवार पूर्ण फोटो बघतात, आणि आम्ही मंडळी त्यावरून त्यांना चिडवतो. भानुदास दर दुसऱ्या रविवारी पेरूंची पाटी घेऊन येतात आणि गर्दीच्या फोटोंत आमच्याहून जास्त रमतात. आपला बाप नाही असं कळल्यावरही ते प्रत्येक अनोळखी चेहऱ्यापाशी थांबून म्हणतात, "ह्यो कोन असंल?"

सरांना आम्ही काय द्यावं? शाल, श्रीफळ, हा ग्रंथ, सगळं रीतीप्रमाणे होईलच. सरांचे डोळे असेच तीक्ष्ण राहोत, गुडघ्यांनी त्यांना वाचनालयाचा जिना चढू द्यावा, काकूंनी त्या ट्रंकेवर कधी रागावून बोहारणीला हाक मारू नये, एवढं मी मनापासून मागते. पण या लेखासाठी मी भानुदासना फोन केला, तेव्हा त्यांच्या आईंनी मध्येच फोन मागून घेतला. सर पंचाहत्तर वर्षांचे झाले, हे त्यांना सांगितलं. म्हणाल्या, "मग लहानच हायेत की." आणि निरोप दिला. त्याच्यापुढे माझ्या शुभेच्छा फिक्या आहेत, म्हणून तो जसाच्या तसा इथे ठेवते.

"मास्तरांना म्हनावं, फोटू सापडंल तवा सापडंल, घाई करू नका. मी हाय अजून. तुमीबी ऱ्हावा."